चौथे नाव

समीक्षाने चौथे नाव वाचले, आणि काशीची मान हलली नाही.

वस्तुतः घडले ते एवढेच. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी अंथरली होती. तिच्या एका टोकाला काशी पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि समोर, गुडघ्यावर कागदांची फळी टेकवून, वैशाखरे गावची समीक्षा. काशीचा नवरा गणू तीन हातांवर खांबाला पाठ लावून होता. माघातले ऊन त्याच्या पायांच्या बोटांपर्यंत येऊन थांबले होते. खालच्या खाचरात कुणीतरी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घेतला होता, त्याचा शेणा-पाचोळ्याचा धूर अधूनमधून ओट्यावर येई. समीक्षाने आधी सगळे नीट समजावले होते. "आजी, मी सहा नावं वाचते. तुमच्या मालकांचं नाव आलं की नुसती मान हलवायची. तोंडानं घ्यायचं नाही. जमेल ना?" काशी लाजून हसली होती, पदराचा काठ ओठांशी गेला होता, आणि आपले नाव चारचौघांत वाचले जाणार म्हणून गणूने एक बालिश संकोच वाटून मुद्दाम रस्त्याकडे पाहिले होते. साईनाथ, समीक्षा म्हणाली. किशोर. कान्हा. प्रत्येक नावापाशी ती मनात चार अंक मोजण्याइतकी थांबत होती. गणू. काशी समीक्षाच्या तोंडाकडे पाहत राहिली, आलेली एस.टी. आपल्या गावची नाही हे पाटी वाचता न येताही ओळखून एखादे माणूस पुढच्या गाडीची वाट पाहते, तशी. मग हर्षित. मग अमोल. "संपली?" काशीने विचारले. "चांगली नावं हायती गो सगळ्यांची."

गणू हसला. हसावयाचे असते म्हणून हसला, कारण नवऱ्याच्या नावाचा विषय निघाला की हसणे ही या भागातली रीतच होती. परंतु आपले हसणे एकटेच ओट्यावर पडले आहे हे ध्यानात येताच ते त्याने तोंडातल्या तोंडात मोडून टाकले. पाळीची वाट पाहत बसलेली जनाबाई म्हणाली, "लाजते ती. म्हातारपनी लाज वाढते, आन् दात कमी व्हतात." कुणी हसले नाही. "पुन्हा वाच, पोरी," गणू म्हणाला, "धूर आलता मधेच. तिला ऐकू गेला नसेल." समीक्षाने नावांचा क्रम बदलला. या खेपेस त्याचे नाव दुसरे आले. या खेपेस धूरही नव्हता. काशीने सहाही नावे तितक्याच अगत्याने ऐकून घेतली, जशी लग्नात परक्या गावच्या पाहुण्यांची नावे ऐकून घ्यावीत, आणि शेवटी आपल्यालाच काही सांगावयाचे राहिले की काय अशा शंकेने तिने गणूकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, थट्टा नव्हती, लाज तर नव्हतीच. समीक्षाची पेन्सिल कागदावर किंचित खाली उतरली आणि उजवीकडे वळली. गणूने एकतीस वर्षे भातसानगरला धरणावर पाणीपातळीची नोंद केली होती. आकडा कोणता लिहिला जातो हे त्याला हाताच्या हालचालीवरून लांबूनही कळे. समीक्षाने शून्य लिहिले होते. तिच्या हाताला ते लिहिताना वेळ लागला होता.

धरणातल्या पाणी मोजायच्या पट्टीपर्यंत उतरावयाच्या पायऱ्या त्याला आठवल्या. ओल्या, शेवाळलेल्या, आणि पाण्याखाली कितवी पायरी शेवटची हे पायालाच ठाऊक. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एकदा त्याने आहे असे समजून एका नसलेल्या पायरीवर पाय टाकला होता. पडला नव्हता, कठड्याचा गज हाती आला होता. तथापि त्या क्षणी पोटात जी पोकळी उघडली, ती आज ओट्यावर, सपाट जमिनीवर बसल्या जागी उघडली, आणि हाताशी गज नव्हता.

समीक्षा पहिल्यांदा आली ती दिवाळीनंतर, भात झोडून पेंढा रचून झाल्यावर. म्हाताऱ्या माणसांचे विसरणे मोजावयाचे प्रश्न मोठ्या शहरातून आले होते. आपल्याकडच्या, शाळेत न गेलेल्या माणसांना ते लागू पडतात की नाही, हे पाहावयाचे काम एका संस्थेने काढले होते. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ती हे कागद घेऊन हिंडत होती. "आजोबा, आम्ही आजींची परीक्षा घेत नाही," ती म्हणाली होती, "आमच्या प्रश्नांची घेतोय." पाड्यावर हे वाक्य कुणालाही कळले नव्हते, पण गणूला ते पुरतेपणी उमगले होते. वर्षातून एकदा धरणावर दुर्बीणवाले येत आणि पाणी न मोजता पट्टीच मोजत. पट्टी हाताच्या नखाएवढी जरी खचली असली तरी तिच्यावरचे सारे आकडे, लिहिणारा कितीही प्रामाणिक असला तरी, खोटे ठरतात, हे त्याला त्या माणसांनी सांगितले होते. त्याने हे समीक्षाला सांगितले तेव्हा ती चकित झाली होती. काशीला ती मुलगी आपल्या माहेरची म्हणून फार आवडली. "वैशाखऱ्याची का तू? मंग तुला काय विचारायचा ते विचार, मी काय परक्याची नाय," ती म्हणाली होती, आणि महिने उलटे सांगा म्हटल्यावर फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष असे चैत्रापर्यंत एका दमात उतरत आली होती. एका मिनिटात जनावरांची नावे सांगा म्हटल्यावर तिने घरच्या गाई-बैलांची नावे सांगावयास घेतली, ढवळी, मोरी, पवळ्या, आणि ही धरायची की नाही असा समीक्षाला विचार पडला होता. मग तिने विचारले होते, "आजी, मालकांचं नाव?" काशीने पदर तोंडाला लावला होता, हसली होती, मान खाली घातली होती. पूर्ण गुण. समीक्षाने आज, शून्य लिहून झाल्यावर, फळीवरून नजर न उचलता ते सांगितले. "पहिल्या फेरीत एकशे बारा आज्या झाल्या, आजोबा. या एका प्रश्नाला एकही चुकली नाही. पदर तोंडाला लावला की मी गुण देत होते. माझी आजी तशीच करायची. मला वाटलं, हे तर मला कळतं, शहरातल्यांना नाही कळणार." तिने फळीवरचे कागद सरळ केले. "पण एकशे बाराच्या एकशे बारा बरोबर, तेव्हा शंका आली. म्हणून यादी केली."

घरी जाताना काशी पुढे चालत होती. वाट तिला ठाऊक होती, किंवा पायांना ठाऊक होती. हा भेद आजपर्यंत गणूने कधी केला नव्हता. तिच्या टाचांच्या भेगा, नऊवारीचा खोचलेला काष्टा, अंबाड्यातून सुटलेली करडी बट हे सर्व कालचेच होते, आणि त्या सर्वांच्या आत कुठेतरी एक जागा रिकामी झाली होती, तिच्यावरून तो रोज ये-जा करीत होता आणि त्याला पत्ता नव्हता. केव्हा झाली रिकामी? काल? भात झोडताना? दोन वर्षांपूर्वी? माणूस एखादी वस्तू हरवली की शेवटची कधी पाहिली ते आठवू लागते. परंतु काशीच्या तोंडातले आपले नाव गणूने पाहिलेच कधी होते? तिने त्याला हाक मारली ती 'अवो' अशी. अवो, ऐकला का. अवो, पानी काढा. अवो, शेखरचा फोन हाय. सेहेचाळीस वर्षांच्या त्या दोन अक्षरांत आपण संपूर्ण मावलो आहोत असे तो समजत आला होता. आता वाटेवर त्याच्या ध्यानात आले की काशी कंडक्टरलाही 'अवो' म्हणते. दवाखान्यातल्या शिपायाला म्हणते. गेल्या महिन्यात दारावर आलेल्या, बांगड्या विकणाऱ्या परक्या माणसाला तिने म्हटले होते, "अवो, बसा, पानी देते," आणि त्याला बसावयाला दिला होता तो गणूचाच पाट. त्याने तेव्हा तो तिचा मोठेपणा समजून कौतुक केले होते. ज्या रीतीला तो बायकोने राखलेला मान समजत आला, त्या रीतीच्या आडोशाला बसून कुणीतरी त्याचे नाव सावकाश कुरतडून नेले होते, आणि बाहेरून आडोसा जसाच्या तसा उभा होता.

एकदा मात्र तिने घेतले होते. मुलगा शेखर झाला तेव्हा, शहापूरला सरकारी दवाखान्यात. गणू कामावरून परस्पर आला होता, हातात चहाचा पेला होता, आणि पडद्याच्या अलीकडे थबकला होता, कारण आत परिचारिका कागद भरीत होती आणि विचारीत होती, बापाचं नाव काय, बाई, लवकर सांग. तिच्याऐवजी नाव सांगायला आत घरचे दुसरे कुणी बाईमाणूस नव्हते. परिचारिकेने दोनदा विचारले. मग आला तो आवाज त्याने तोवर कधी ऐकला नव्हता; दमलेला, घोगरा, आणि तरीही एखादी जड परात सांभाळून खाली ठेवावी तसा. "गणू पांडू विशे." ती एका दमात नाही, तीन वेगवेगळ्या श्वासांत म्हणाली. आपण ऐकले हे तिला कळले तर ती शरमेल म्हणून तो चपला न वाजवता दवाखान्याबाहेर गेला होता आणि वडाखाली उभा राहून थंड चहा प्यायला होता. ही गोष्ट त्याने तिला, शेखरला, कुणालाच सांगितली नाही. त्याच्या खाजगी मालमत्तेत तेवढी एकच वस्तू होती. आज त्याला भोवळल्यासारखे झाले ते या विचाराने, की ज्या आवाजाने ते तीन शब्द उच्चारले, तो आवाज अजून घरात आहे, आपल्यापुढे चार पावलांवर वाट चालतो आहे, आणि त्या शब्दांचा साक्षीदार आता आपण एकटेच उरलो आहोत.

घरी आल्यावर काशी ओसरीवर वाल सोलायला बसली. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल. अंगठा आणि पहिले बोट यांत दाणा दाबला की साल बाजूला आणि डाळिंबी टोपलीत. तिचे हात कुठेही चुकत नव्हते. गणू समोर बसला. त्यानेही मूठभर वाल पुढ्यात घेतले, पण त्याच्या बोटांतून दाणे फुटत होते. एखाद्या झोपलेल्या माणसाच्या उशाखालून काही काढावयाचे असावे इतक्या हळू त्याने विचारले, "काशे, गणू कोन गो?"

"कोन्ता गणू?"

"गणू. विशे."

तिने विचार केला. खरोखरच केला; भुवया जवळ आल्या, बोटे थांबली. "मना नाय ठाऊक," ती म्हणाली. "तुमच्या वळखीचा हाय का?"

घरात सून नम्रता भाकरी थापत होती, तो थापण्याचा आवाज एका लयीत चालू होता. गणूला वाटले की तो थांबेल, पण तो थांबला नाही. "बरं, शेखर कोन?" "अवो, असा काय इचारता, माझा पोरगा." "आन् शेखरचा बाप?" काशीचा चेहरा एकदम मोकळा झाला, सोपे विचारल्यावर होतो तसा. "तो कामाव गेला ना. धरनाव. येईल दिवस बुडायला." आणि आपण आपल्या मालकाविषयी परक्यापुढे फार बोललो असे वाटून की काय, तिने डोक्यावरून पदर पुढे ओढला. गणूच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला. मग मी कोण? तो त्याने विचारला नाही. उत्तर काय येईल हे त्याला ठाऊक नव्हते, आणि न येण्याची शक्यता अधिक भयंकर होती. तेथे ओसरीवर, वालांच्या ओलसर सालींपुढे बसलेल्या त्या म्हाताऱ्याला प्रथमच असे वाटले की आपण कुण्या तरुण, धरणावर कामाला गेलेल्या माणसाच्या घरी, त्याच्या गैरहजेरीत, येऊन बसलो आहोत.

यानंतर जे त्याच्या मनात आले, ते पहिल्या धक्क्याहून वाईट होते, कारण ते काशीचे नव्हते, त्याचे स्वतःचे होते. दिवाळीनंतरच्या त्या फेरीत समीक्षाने त्यालाही एक कागद विचारला होता. घरच्या माणसाचा कागद, सोळा प्रश्न. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आजींचे कसे आहे? वस्तू कुठे ठेवल्या ते आठवते का? ओळखीच्या वाटेवर चुकतात का? स्वयंपाकात क्रम विसरतात का? आणि गणूने सोळाच्या सोळा प्रश्नांना म्हटले होते, "पैल्यासारखाच." त्या दिवशी सकाळीच त्याने कोरड्या पातेल्यात करपणाऱ्या तांदळाखालचा गॅस बंद केला होता. आदल्या आठवड्यात काशी खाचरावरून येताना वळण चुकून ओढ्यापलीकडे उभी राहिली होती आणि त्याने जनाबाईला सांगितले होते की ती करवंदीचा पाला आणायला गेली होती. मीठ दोनदा पडलेली आमटी तो नम्रता जेवायच्या आत पाणी घालून सारखी करीत असे. हे सर्व तो इतक्या सफाईने करू लागला होता की आपण काही झाकतो आहोत हे तो स्वतःपासूनही झाकू शकला. बायकोचे उणे चारचौघांत बोलू नये, या शिकवणीत तो वाढला होता. आणि शिवाय, कागद समोर आला की त्याला ती परीक्षाच वाटली होती, समीक्षाने परोपरीने नाही म्हणून सांगितले तरी, आणि आपल्या घरातले माणूस नापास होऊ नये एवढेच त्याला सुचले होते. एकतीस वर्षांत ज्याने भर थंडीत, तापात, पट्टीवरचा एकही आकडा अंदाजाने लिहिला नाही, त्याने एका दुपारी सोळा खोटे आकडे लिहविले होते. आणि समीक्षाने आज निघताना हेही सांगितले होते की ज्यांचे दोन्ही कागद चांगले आले, त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलेच नव्हते. दिवाळी ते माघ. तेवढे महिने काशी त्याच्या 'पैल्यासारखाच' या शब्दामागे बसून राहिली होती, आणि तो दाराशी पहारा देत होता, कुणी मदतीला आत येऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काशीला घेऊन पुन्हा समाजमंदिराच्या ओट्यावर गेला. तिला घरी ठेवून यावे असे त्याच्या मनात आले होते. पण नम्रता कामावर गेली होती आणि ओढ्यापलीकडचे ते उभे राहणे आता त्याला स्वतःशीदेखील नाकारता येत नव्हते. जनाबाई आदल्या दिवशीची राहिलेली पाळी पुरी करायला येऊन बसली होती. "आज पुन्ना? नाव घ्यायला शिकवलास का तिला?" ती म्हणाली. मग गणूचे तोंड पाहून तिने आपली पिशवी उचलली आणि ती लांब, पायरीवर जाऊन बसली.

"माझा कागद खोटा हाय," गणू समीक्षाला म्हणाला. "सोळाच्या सोळा. तो काढ आन् पुन्ना लिही."

समीक्षाने त्याच्याकडे पाहिले, मग काशीकडे. "जुना काढता येत नाही, आजोबा. तो तसाच राहतो. मी नवा भरते, आणि वर लिहिते की माहिती देणाऱ्यानं स्वतः येऊन बदलली. डॉक्टरांना दोन्ही दिसतील." ती आवाज उतरवून म्हणाली, "आजी इथंच बसतायत. चालेल ना?"

"कुठं बसवू?" गणू म्हणाला.

तिने पहिला प्रश्न वाचला. गणूने उत्तर दिले. दुसरा वाचला. करपलेल्या तांदळाचे पातेले त्याने बोलून उन्हात ठेवले. मग ओढा, मग मीठ, मग ते, जे त्याने अजून मनाशीही उच्चारले नव्हते: की काशी हल्ली संध्याकाळ झाली की रस्त्याकडे पाहत बसते, आणि तो शेजारी असूनही ती कुणाची तरी वाट पाहत असते. प्रत्येक वाक्य बोलताना त्याला वाटे की आता शेजारून 'अवो, गप बसा' असे येईल, आणि तसे येते तर तो जगातला सर्वांत सुखी मनुष्य झाला असता. काशी ऐकत होती. एखाद्याचे दुःख ऐकताना ऐकतात तशी, मध्ये न बोलता, ओठांवर हात ठेवून. नवव्याला त्याने खांबाकडे तोंड केले. समीक्षाने दहावा प्रश्न वाचला, तो घरातल्या माणसांच्या ओळखीचा होता, आणि वाचता वाचता तिचाच आवाज बारीक झाला.

"नाय," गणू म्हणाला. "वळखत नाय."

"कुणाला, आजोबा? मला लिहावं लागतं."

"मालकाला."

तो रडतो आहे हे त्याला स्वतःला कळावयाच्या आत त्याच्या मनगटावर एक हात आला. ओळखीचा, खरखरीत, वालांच्या सालींनी नखांच्या कडा काळ्या झालेला हात. तो हात मनगटावर धीराने टेकला, पण परक्या पुरुषाला शिवावे लागले तर बाई जितपत टेकवील तितपतच.

"रडू नका, अवो," काशी म्हणाली. "घरचा कोन आजारी हाय का तुमच्या?"

गणूने मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्याच्यासाठी आले होते, आणि तो कोण हे त्या पाण्याला ठाऊक नव्हते.

"बायको," तो म्हणाला.

"अगो बाय." तिने हात काढून घेतला, पदराने डोळे टिपले, आणि समीक्षाकडे वळून, माहेरच्या लेकीला हक्काने सांगावे तसे सांगितले, "लिही गो पोरी, यांचा नीट लिही. घाई नको करू. बिचाऱ्याचा मानूस आजारी हाय."

समीक्षाने लिहिले. मग तिने अकरावा प्रश्न वाचला, आणि गणूने त्याचे खरे उत्तर दिले.